पाण्यापुढं हाक पोचत नाही

बाबा, काल मी धबधबा पाहिला. चष्म्यावर तुषार येतील इतक्या जवळून पाहिला, आणि तुमच्या नातीला बरोबर घेऊन पाहिला. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, म्हणून आधीच सांगते, मी मनातसुद्धा विचारलं नाही. एरवी सगळं विचारत आले आहे. गॅस बंद झाला का, कडी नीट बसली का, फलाटावरच्या पिवळ्या पट्टीपासून किती मागे उभं राहायचं, हे सगळं तुम्ही गेल्यानंतरही मी तुम्हालाच विचारते, आणि तुम्ही दर वेळी तेच सांगता, पुन्हा एकदा बघ. मी पुन्हा एकदा बघते. जिना उतरून खाली गेलेली मी परत वर येऊन कडी ओढून बघते आणि मग माझी गाडी चुकते. काल मात्र घरातून निघताना एकदाच कडी लावली आणि मागे न बघता स्टेशनवर गेले.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते, त्यामुळे पुढचं तुम्हाला काही ठाऊक नाही. आम्ही जपानात नागोयाला राहतो. तुमचे जावई मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. मी विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत धातूला पडणारे बारीक तडे तपासते. तुम्ही हसाल, पण जी सवय घरात सगळ्यांना तापदायक वाटते तिचाच मला इथे पगार मिळतो. आम्ही इथे आलो ते मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी. आई फोनवर म्हणाली होती, "अगं, माणसं तिथून निघून यायला बघतायत, आणि तुम्ही तिकडे जाताय?" मी आयुष्यात पहिल्यांदा तिचं ऐकलं नाही. लेक इथेच जन्मली. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते, आणि भांडण मात्र ती शुद्ध मराठीत करते. या एप्रिलमध्ये ती पहिलीत गेली. हे पत्र खरं तर तिच्याबद्दल आहे, पण त्याआधी मला धरणावर जावं लागेल, कारण सगळं तिथून सुरू झालं.

तुमची नोकरी होती त्या धरणाच्या वसाहतीत शाळा नव्हती. शाळा ओढ्यापलीकडच्या गावात. शेजारच्या क्वार्टरमधला मुलगा पावसाळ्यात त्या ओढ्यातून शाळेत जाताना वाहून गेला तेव्हा मी तीन-चार वर्षांची असेन. दोर घेऊन त्याला शोधायला गेलेल्यांत तुम्ही होतात, तो सापडला तेव्हाही तुम्ही होतात, हे आईनं मला तुम्ही गेल्यानंतर सांगितलं. घरी येऊन तुम्ही फक्त एवढंच म्हणालात म्हणे, "ही शाळेत जाणार नाही, मी शिकवीन." आणि तुम्ही शिकवलंत. मला ते स्वयंपाकघर अजून दिसतं. आई भाकरी थापते आहे, तव्याजवळच्या भिंतीला टेकून मी पाटी घेऊन बसले आहे, आणि तुम्ही ड्यूटीवर जायच्या आधी, बूट बाहेर ठेवून, चहाचा कप हातात धरून मला विचारता, "बाहेरच्या डब्यात पाऊस किती पडला?" मी म्हणते, खूप. तुम्ही म्हणता, "खूप म्हणजे किती? पाहिलंस का? मग पाहून ये आणि सांग." मी पळत अंगणात जाते, पर्जन्यमापकाची नळी डोळ्यांसमोर धरते, परत येऊन सांगते, आणि तुम्ही मान हलवता. त्या मान हलवण्यासाठी मी काहीही केलं असतं. जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही, हा तुमचा एकच नियम. एकदा निबंधात मी लिहिलं, धबधब्याचं पाणी मोत्यांसारखं दिसत होतं. तुम्ही ओळ पुसलीत. "मोती कधी पाहिलास? धबधबा कधी पाहिलास?" मी दोन्ही पाहिलं नव्हतं. ती वर्षं माझी फार सुखाची होती, आणि म्हणूनच मला तुमचा इतका राग येतो. ती वाईट असती तर विसरून जाता आलं असतं.

पण बाबा, धबधबा मी पाहिला नव्हता तो कुणामुळे? आमच्या धरणाच्या सांडव्यावरून धबधब्यासारखं पाणी सुटलं की तालुक्यातून माणसं ट्रॅक्टर भरून बघायला येत. कठड्याशी कणसं भाजली जात, पोरं भिजत, नवी लग्न झालेली जोडपी फोटो काढत. दरवाजे उघडणारे साहेब माझे वडील, आणि मी क्वार्टरच्या खिडकीत बसून फक्त ऐकायची. आधी भोंगा, लांब, तीनदा, नदीकाठच्या माणसांनी वर यावं म्हणून. मग थोडी शांतता. मग तो आवाज, ज्यानं आमच्या मांडणीतली भांडी थरथरायची. सगळ्या जिल्ह्यानं पाहिलेलं पाणी मी नुसतं ऐकलं होतं, आणि न पाहिलेलं लिहायचं नाही म्हणून माझ्या वहीत ते कधी आलंच नाही.

नऊ वर्षांची असताना मी एकदा गेले. तुम्हाला आठवतच असेल. पाऊस थांबला होता, एकच दरवाजा थोडा उघडा होता, आई पलीकडे बसायला गेली होती. मी कुणाला न सांगता उतारावरून खाली गेले, माणसांच्या गर्दीतून वाट काढत अगदी कडेच्या खडकांपर्यंत. पाणी मला पाठमोरं वाटलं, हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण खरंच ते माझ्याकडे पाठ करून कुठेतरी घाईनं निघालं होतं. आणि तेवढ्यात भोंगा झाला. सगळे ओरडत वर पळाले. कणसंवाल्या मावशींची शेगडी उलटली, निखारे पायवाटेवर पसरले. कुणीतरी माझ्या दंडाला धरून मला वर ओढलं. आम्ही सगळे वर उभे राहिलो आणि वाट पाहत राहिलो. पाणी वाढलं नाही. दुसरा दरवाजा हललाही नाही. वरती, दरवाजांच्या पुलावर, तुम्ही कठड्यावरून वाकून उभे होतात, आणि इतक्या लांबून मला तुमचा चेहरा दिसत नव्हता, पण तुम्ही कुणाला बघताय ते कळत होतं.

संध्याकाळी त्या मावशी आपल्या दारात आल्या. मी आतल्या खोलीत होते, पण ऐकू येत होतं.

"सायेब, पानी तर आलंच न्हाई. मग भोंगा कशापायी वाजिवला?"

"चाचणी होती," तुम्ही म्हणालात.

"आगोदर सांगायचं तरी. माझी शेगडी गेली की वो. मानसं अशी पळाली, जनू वाघ सुटला."

तुम्ही त्यांच्याबरोबर बाहेर पडलात. थोड्या वेळानं घरात आलात ते त्यांच्याकडची पोतंभर कणसं घेऊन. पुढे कितीतरी दिवस आपण कणसंच खाल्ली. भाजून, उकडून, किसून, भाकरीत, थालिपिठात. आईनं एकदाही विचारलं नाही की एवढी कणसं कशाला, आणि मीही नाही. ज्या माणसानं मला मोती पाहिल्याशिवाय मोती लिहू दिलं नाही, त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकमेव खोटं. तुम्ही मला मारलं नाहीत, रागावलातही नाहीत. दुसऱ्या दिवशी भागाकार शिकवलात. शेवटी पाटी पुसताना म्हणालात, "तुला हाक मारली होती मी. दोनदा. पाण्यापुढं माणसाची हाक पोचत नाही." आणि खिशातून एक पितळी शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातलीत. खात्याची, काळ्या दोरीची. "ही कधी काढायची नाही. अडचण आली की वाजव."

पाचवीला तुमची बदली तालुक्याला झाली आणि मी पहिल्यांदा शाळेत गेले. रांगेत कसं उभं राहायचं मला माहीत नव्हतं. पाणी प्यायला जाऊ का, बसू का, पान उलटू का, सगळ्याला हात वर. पहिल्या मधल्या सुट्टीत मुलांनी माझ्या गळ्यातली दोरी ओढली. "ए कंडक्टर! मार की शिट्टी! सोड गाडी!" पुढची तीन वर्षं मी कंडक्टरच होते. शिट्टी मी दप्तराच्या तळाशी ठेवली, पण टाकली नाही. घरी तुम्ही विचारायचात, "शिट्टी आहे ना?" मी म्हणायची, आहे. ते खरंच होतं.

आता इथली गोष्ट. इथे पहिलीतली मुलं शाळेत चालत जातात. आईबाप सोडायला जात नाहीत, रिक्षा नाही, व्हॅन नाही. गल्लीतली आठ-दहा मुलं मिळून एक रांग करतात, पुढे सहावीतली एक ताई, आणि पहिलीतली चिमुरडी डोक्यावर पिवळी टोपी, पाठीवर स्वतःपेक्षा रुंद दप्तर घेऊन तिच्या मागे. दप्तराला एक छोटा भोंगा लावलेला असतो. दोरी ओढली की कानठळ्या बसतील असा कर्कश वाजतो. तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हातात धरून बराच वेळ दुकानात उभी राहिले. चौकाचौकात म्हातारे लोक पिवळे झेंडे घेऊन उभे असतात. सगळं किती नीट, किती विचार करून. आणि मला रात्रंदिवस एकच दिसायचं, रस्ता ओलांडणारी एक पिवळी टोपी.

मी तिच्या मागे जायला लागले. सायकलवरून, अंतर ठेवून. एप्रिलमध्ये इथे परागकणांच्या ॲलर्जीमुळे अर्धं गाव मास्क लावून फिरतं, म्हणून मीही मास्क लावला. वरून टोपी, वरून करडं जाकीट. कोपऱ्यावरच्या थंड पेयांच्या यंत्रामागे थांबायचं, रांग पुढे गेली की पुढच्या यंत्रापर्यंत जायचं. ती शाळेच्या फाटकातून आत गेली की मग प्रयोगशाळेत. मला वाटायचं मी फार हुशारीनं करते आहे. आठवडाभरानं फोनवर शाळेकडून सगळ्या पालकांना संदेश आला, संशयित व्यक्तीबद्दल सावधगिरीचा. शाळेच्या वाटेवर एक अनोळखी बाई मुलांचा पाठलाग करताना अनेकांना दिसली आहे, कृपया मुलांना सावध करा. मी तशीच स्वयंपाकघरातून धावत आले. तुमचे जावई दाढी करत होते.

"बघ! बघ, मी म्हणत नव्हते? कोणीतरी मुलांच्या मागे येतं! मी सांगत होते तुला, आणि तू म्हणालास, माझे मनाचे खेळ!"

त्यानं फेस लावलेल्या तोंडानं फोन घेतला आणि मोठ्यानं वाचत गेला. "तिशीतली स्त्री... करडं जाकीट... टोपी, मास्क... सायकलच्या मागे लहान मुलाचं हिरवं आसन..." मग तो थांबला. त्यानं खिडकीतून खाली पाहिलं, जिथे माझी सायकल उभी होती. हिरव्या आसनाची. मग माझ्याकडे पाहिलं.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "पोलीस यायच्या आत चहा टाक."

तो हसत होता, आणि मला रडू येत होतं, आणि त्या क्षणी मला काय आठवलं असेल? उलटलेली शेगडी. पायवाटेवरचे निखारे. एका मुलीसाठी सगळं गाव पळवणारा माणूस.

मी स्वतःच शाळेत गेले. वर्गशिक्षिका माझ्याहून लहान, खांद्यापर्यंत केस, अगदी सौम्य. मी वाकून वाकून माफी मागितली. तिनं ओठ दाबून हसू आवरलं, ते मला दिसलं. म्हणाली, पहिल्या महिन्यात सगळ्याच आयांना असं होतं, फक्त यंत्रामागे कुणी लपत नाही. मग ती थोडी गंभीर झाली. "मी उत्तरेकडच्या किनाऱ्यावरची आहे," ती म्हणाली. "तिकडे मुलांना शिकवतात, जमीन हलली की त्सुनामी यायच्या आत उंचावर पळायचं. आईची वाट बघायची नाही, आईला शोधायला घरी जायचं नाही. आईही पळाली असेल असा भरवसा ठेवायचा आणि पळायचं. तुमची मुलगी चालताना सारखी मागे वळून बघते. आम्हाला वाटायचं, तिची मैत्रीण मागे राहते." एवढंच. तिनं उपदेश केला नाही, मला चहा दिला. घरी येऊन मी लेकीला विचारलं, रस्त्यानं चालताना मागे का बघतेस गं? ती चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "तू येतेस ना मागून. पडशील म्हणून बघते."

आता तुम्हाला वाटेल, तिथेच माझे डोळे उघडले. नाही उघडले. उलट मी ठरवून टाकलं की तिला शाळेतून काढायची आणि घरी शिकवायची. इथे परदेशी मुलांना शाळेची सक्ती नाही. आईनं लगेच पहिलीची पुस्तकं पाठवली, वर फोनवर म्हणाली, "तुझ्या बाबांनी तुला शिकवलं, काय बिघडलं तुझं?" मी पाटीसुद्धा मागवली. स्वयंपाकघरात टेबलाचा कोपरा मोकळा केला. नवरा म्हणाला, "तू उत्तम शिकवशील, त्यात मला शंका नाही. पण ती त्या कोपऱ्यात बसली तर तिच्या मागे कोण येतंय ते बघायला तिला वळायलाही नको. तू समोरच." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. शेवटी एवढं ठरलं, की मे महिन्याची मोठी सुट्टी संपेपर्यंत थांबायचं आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी शाळेला काय ते कळवायचं. तो दिवस आज आहे.

सुट्टीत कारखाना बंद, म्हणजे यंत्रांच्या दुरुस्तीला नवरा कारखान्यात. मी लेकीला घेऊन डोंगरातल्या जुन्या हमरस्त्यावर गेले. फार पूर्वी इथल्या दोन राजधान्यांना जोडणारी वाट होती ही. सरदार, व्यापारी, यात्रेकरू, सगळे पायी जायचे. आता रेल्वे दरीतून जाते आणि जुन्या वाटेवर आमच्यासारखे हौशी लोक चालतात. दोन जुन्या मुक्कामांच्या गावांमधला एक टप्पा लोक निवांत चालतात आणि त्याच वाटेवर धबधबा आहे, हे वाचलं होतं. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. तुमची शिट्टी माझ्या जाकिटाच्या खिशात. का घेतली माहीत नाही. म्हणजे माहीत आहे.

दगडी फरशीची चढण, दोन्ही बाजूंना उंच सुरूसारखी झाडं, आणि वाटेवर ठिकठिकाणी खांबाला टांगलेल्या पितळी घंटा. शेजारी पाटी, अस्वलं आहेत, घंटा जोरात वाजवा. लेकीला याहून मोठा आनंद ठाऊक नाही. देवळातल्या घंटेला तिचा हात पोचत नाही, इथे लोंबणारी दोरी होती. प्रत्येक घंटा तिनं लोंबकळून वाजवली. खिंड ओलांडली आणि तिनं सुरू केलं, "हितोरि दे." म्हणजे एकटीनं. पुढच्या घंटेपर्यंत मी एकटी जाते, तू इथेच थांब. आधी मी दिसणाऱ्या घंटेपर्यंत जाऊ दिलं. मग एका वळणापलीकडच्या. ती दिसेनाशी व्हायची, मग ठण्ण, आणि मी श्वास सोडायची. मधे एक जुनं लाकडी चहाघर लागलं. चुलीवर किटली, राखणारे एक आजोबा. सगळ्यांना फुकट चहा. त्यांनी लेकीला विचारलं, कितवीत? पहिलीत. शाळेत चालत जातेस? हो. वा, मोठी आहेस की! लेकीनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी किटलीकडे पाहिलं. पाटी आणि मोकळा केलेला कोपरा कशासाठी, ते तिला काहीच माहीत नव्हतं.

आणि मग उतारावर, झाडांमधून तो आवाज. बाबा, मला तो आवाज आधी पायांना कळला. मांडणीतल्या भांड्यांसारखं आत काहीतरी थरथरलं. वाटेवरून थोड्या पायऱ्या खाली उतरलं की धबधबे आहेत, एक नाही, दोन. पाटीवर लिहिलं होतं, मोठा दणदणीत तो पुरुष धबधबा आणि पलीकडचा बारीक तो स्त्री धबधबा. मी लेकीला वाचून दाखवलं. तिला पटलं नाही. "हा मोठा, ओरडणारा, ही तू," ती माझ्या कानात ओरडली, "आणि तो हळूच पडतोय तो बाबा." मी हसले. मी खडकावर उभी राहिले आणि पाहिलं. पांढरं पाणी पडताना धाग्यांसारखं सुटतं, खाली कुंडात हिरवं होतं, आणि काठावर अगदी स्वच्छ, तळाचे दगड दिसतील असं. मोत्यांसारखं नाही दिसत. तुमचं बरोबर होतं. पण हे मला नऊ वर्षांची असताना कळायला हवं होतं, कुणाचा तरी हात धरून. तुम्ही माझा हात धरून मला त्या कठड्याशी नेऊ शकला असतात. तुम्हाला त्या पाण्याचा थेंबन्‌थेंब माहीत होता. त्याऐवजी तुम्ही मला खिडकी दिलीत आणि शिट्टी दिलीत. एक मूल गेलं आणि दुसरं मूल तुम्ही घरात ठेवलंत, आणि त्याला जपणं म्हणालात. मी तिथे उभी राहून हे मोठ्यानं म्हटलं. खरंच म्हटलं. पाण्यामुळे माझं मलाही ऐकू आलं नाही.

लेक माझी बाही ओढत होती. "पुढची घंटा. हितोरि दे." मी म्हटलं, जा. वाजवलीस की मी येते. ती पायऱ्या चढून वर गेली, पिवळी टोपी झाडांत शिरली, आणि मग मला कळलं मी काय केलं ते. इथे घंटा ऐकू येणार नव्हती. तड्यांवर तडे तपासणारी मी, प्रत्येक गोष्ट दोनदा बघणारी मी, तुमचं ते एक वाक्य जन्मभर गळ्यात बांधून फिरणारी मी, तेच विसरले होते. तिनं वाजवली असेल. नसेल. वाट एकच आहे का, पुढे फुटते का, मी पाहिलं नव्हतं. मी तिला हाक मारली. शेजारी फोटो काढणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यानंसुद्धा मान वळवली नाही.

बाबा, त्या वेळी मी जणू तुमच्या त्या पुलावर होते. कठड्यावरून वाकलेली. खाली कडेच्या खडकावर कोण उभं आहे ते मला दिसत होतं, आणि भोंग्याची मूठ हाताखाली होती. तुम्ही ती ओढलीत, मी समजू शकते. मी ओढली नाही. मी पळालेही नाही. चालत गेले, पायऱ्या चढताना जसं चालतात तसं. ती मागे वळून बघणारच असेल तर तिला पळत येणारी आई दिसायला नको होती. झाडांपाशी आले आणि पाण्याचा आवाज मागे पडला, आणि समोरून घंटा ऐकू आली. एकदा नाही, थांबतच नव्हती, ठणठण ठणठण, आग लागल्यासारखी. वळणावर लेक दोरीला दोन्ही हातांनी लोंबकळत होती, चेहरा लालबुंद. शेजारून जाणाऱ्या एका काठीवाल्या आजोबांनी कानांवर हात ठेवले होते. "आता या डोंगरात वर्षभर अस्वल फिरकायचं नाही," ते मला म्हणाले.

"आई, ओसोइ!" ती ओरडली. किती उशीर! आणि मग रागाच्या मराठीत, "किती वेळ वाजवतेय मी! ऐकू येत नाही तुला?"

"पाणी बघत होते," मी म्हणाले.

दुपारी गावात पोचलो. अक्रोडाची चटणी लावून काडीवर भाजलेला भाताचा गोळा तिनं तोंड भरवून खाल्ला. परतीच्या गाडीत ती माझ्या मांडीवर झोपली. आज सकाळी मी टेबलाचा कोपरा पुन्हा भरून टाकला. पाटी तिला चित्रं काढायला दिली. शाळेला काहीच कळवलं नाही, म्हणजे उद्या रांग सुरू. आईला फोन केला आणि सांगितलं की पुस्तकं उपयोगाची आहेत, संध्याकाळी मराठी शिकवीन, पण शाळा ती शाळेतच शिकेल. आई म्हणाली, "तुझ्या बाबांना पटलं नसतं." मी म्हटलं, माहीत आहे मला.

उद्या ती निघेल तेव्हा मी दारातून हात हलवणार आहे आणि दार लावून घेणार आहे. सायकलचं हिरवं आसन काढून टाकलं, ती तशीही त्यात मावत नाही. तुम्हाला पटायची वाट मी बघणार नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं तेही मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्ही वाचू नये असं वाटतं. जे पाहिलं तेच लिहायचं असतं म्हणून लिहिते. पायऱ्या चढताना मी चालत होते, पळत नव्हते, ते खरं. पण शिट्टी ओठांत होती, बाबा. वळणापर्यंत होती. घंटा ऐकू आली तेव्हा मी ती घाईनं खिशात टाकली, आणि घरी येईपर्यंत तोंडात पितळेची चव होती.